वरचा सुळा अडकणार का? मुलांच्या एक्स-रेवरून वेळेत अंदाज बांधण्याची क्रमवार पद्धत

वरचा कायमचा सुळा अडकण्याच्या बाबतीत दोन चुका सारख्या होतात आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. एकीकडे आठ वर्षांच्या मुलाच्या ओपीजीवर (सगळे दात आणि जबडे एकत्र दाखवणाऱ्या मोठ्या एक्स-रेवर) सुळा तिरका दिसला की लगेच ‘इम्पॅक्टेड’, म्हणजे हाडात अडकलेला, असा शेरा पडतो आणि आईवडील घाबरून जातात. दुसरीकडे तेरा वर्षांच्या मुलीचा दुधाचा सुळा घट्ट बसलेला असतो, तरी ‘येईल हळूहळू, थांबा’ म्हणून तिला घरी पाठवलं जातं. दुसरी चूक जास्त महाग पडते. साध्या उपायाने सुळा वळवता येतो तो काळ साधारण दहा ते तेरा वर्षांचा, आणि तोच वाट पाहण्यात निघून जातो.

अक्कलदाढ सोडली तर सगळ्यात जास्त अडकणारा दात हाच. शंभरातल्या साधारण एक ते तीन जणांमध्ये तो अडकतो, मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त. म्हणजे जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या प्रत्येक दंतवैद्याकडे अशी मुलं येतात, मग त्यांचा सुळा लक्षात आलेला असो वा नसो. हा लेख अशा डॉक्टरांसाठी आणि इंटर्नसाठी आहे. मुलाचा ओपीजी हातात घेऊन बसलेल्या पालकांनाही तो समजून घेता येईल.

लेखात ‘बाजूचा पटाशीचा दात’ म्हणजे मधल्या पटाशीच्या शेजारचा, म्हणजे १२ आणि २२. सुळे म्हणजे १३ आणि २३. दुधाचे सुळे म्हणजे ५३ आणि ६३.

टप्पा १ : एक्स-रेच्या आधी बोट

अंदाजाची सुरुवात फिल्मपासून करू नका. आठ वर्षं पूर्ण झाली की प्रत्येक भेटीत, मूल कशासाठीही आलेलं असो, सुळा चाचपून पाहा.

ओठ वर उचला. दोन्ही तर्जन्या एकाच वेळी दोन्ही बाजूंना दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठ-हिरडीच्या खोबणीत उंचावर ठेवा आणि पुढे-मागे हलक्या हाताने सरकवा. कायमच्या सुळ्याचा फुगवटा गोल, रुंद आणि कठीण लागतो. दोन्ही बोटं एकदम ठेवायचं कारण म्हणजे डाव्या-उजव्यातला फरक हीच सर्वांत उपयोगी खूण असते. एक-एक बाजू तपासली की तो फरक हाताला कळत नाही.

इथे एक फसगत ठरलेली असते. दुधाच्या सुळ्याचं मूळच फुगवटा समजलं जातं. मूळ अरुंद असतं, खाली असतं, आणि दुधाचा दात हलवला की बोटाखाली तेही हलतं. शंका आली की दात हलवून पाहा.

मग टाळूकडूनही चाचपा. त्याबरोबर पुढच्या गोष्टी नोंदवा:

- बाजूचा पटाशीचा दात बारीक, खुंटीसारखा आहे का, की मुळातच नाही?
- तो विचित्र वळलाय किंवा ओठाकडे कललाय का?
- दुधाचा सुळा हलतोय की घट्ट आहे?
- आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाचा सुळा अडकला होता का?

बारीक किंवा नसलेला बाजूचा पटाशीचा दात दिसला की माझं लक्ष दुप्पट होतं. टाळूकडे भरकटणारे सुळे अशा तोंडात बरेचदा सापडतात, आणि दुधाचे सगळे दात रांगेत छान दिसतात म्हणून कुणाला संशयही येत नाही.

सावधान : फुगवटा लागला नाही म्हणजे सुळा अडकलाच असं नाही. एरिक्सन आणि कुरोल यांनी स्वीडनमधल्या शाळकरी मुलांमध्ये केलेल्या पाहणीत दहाव्या वर्षी २९ टक्के मुलांचा सुळा बोटाला लागत नव्हता. अकराव्या वर्षी हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. म्हणून दहाव्या वर्षी दोन्ही बाजूंना फुगवटा नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर सहा महिन्यांनी पुन्हा बोलवणं पुरतं. अकरानंतरही लागत नसेल, तर तो मुलगा किंवा मुलगी तुमच्या यादीत आलीच पाहिजे.

टप्पा २ : एक्स-रे काढायचा की नाही

फक्त सुळ्यासाठी वयाच्या आठ-नऊ वर्षांआधी ओपीजी काढू नये. त्या वयात सुळा उंचावर आणि कललेलाच असतो, बाजूच्या पटाशीच्या मुळावर त्याची सावलीही पडते. ती नैसर्गिक अवस्था आहे. बाजूच्या पटाशीचं मूळ पूर्ण झाल्यावरही ही सावली मुळावर पडलेलीच राहिली, तर ती धोक्याची खूण ठरते. हे मूळ साधारण अकराव्या वर्षाच्या आसपास पूर्ण होतं.

एक्स-रे काढायची ठोस कारणं अशी: एका बाजूचा फुगवटा लागतोय किंवा सुळा आलाय आणि दुसऱ्या बाजूला सहा महिन्यांनंतरही काहीच नाही, अकरा उलटून गेले तरी फुगवटा नाही, किंवा दहाच्या पुढे फुगवटा नाही आणि जोडीला वरच्या यादीतली एखादी खूण आहे.

नवा काढण्यापूर्वी पालकांना विचारा, ‘याआधी कुठे मोठा फोटो काढला होता का?’ दुसऱ्या कारणासाठी काढलेला जुना ओपीजी घरच्या फायलीत पडलेला असतो. तो मिळाला तर तुलनेसाठी सोनं आहे, कारण एका फिल्मपेक्षा दोन फिल्ममधला बदल जास्त सांगतो.

सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, ही पहिली पायरी नाही. ओपीजीचा डोस साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून आपल्याला काही दिवसांत मिळतो तेवढा. सीबीसीटीचा त्याच्या कितीतरी पट असू शकतो, आणि मुलांच्या पेशी किरणांना जास्त संवेदनशील असतात. तो कधी काढायचा ते टप्पा ८ मध्ये येतं.

टप्पा ३ : मुलाला मशीनमध्ये नीट उभं करणं

तालुक्याच्या गावी ओपीजी बहुतेक बाहेरच्या सेंटरवर होतो आणि आपल्या हातात फक्त तयार फिल्म येते. तरीही चिठ्ठीवर दोन ओळी लिहून द्या. टेक्निशियन त्या वाचतात.

डूल, नथ, चमकी, गळ्यातली साखळी, केसातल्या पिना, सगळं काढायला सांगा. कानातल्या दागिन्याची भुताटकी सावली फिल्मवर विरुद्ध बाजूला आणि थोडी वर उमटते. नाकातली चमकी तर पुढच्या वरच्या दातांच्या मुळांच्या परिसरातच येते, म्हणजे नेमकी आपल्याला हव्या त्या जागी.

चावायच्या काडीच्या खाचेत वरचे-खालचे पुढचे दात बसले पाहिजेत. दुधाचे पडलेत आणि कायमचे अर्धवट आलेत, अशा मुलाचं डोकं इथे पुढे-मागे सरकतं. मधल्या जागेत कापसाचा रोल द्या. डोळ्याखालच्या हाडाची कडा ते कानाचं छिद्र ही रेषा जमिनीला समांतर हवी.

जीभ टाळूला लागलेली नसली तर टाळूखाली हवेची काळी पट्टी येते आणि वरच्या मुळांची टोकं त्यात बुडतात. ‘जीभ टाळूला लाव’ एवढं सांगून मुलांना कळत नाही. ‘गोळी टाळूला चिकटवलीये असं समज, एकदा गिळ, आणि तसाच थांब’ असं सांगितलं की जमतं. मशीन डोक्याभोवती फिरताना मूल दचकतं, म्हणून एक फेरी बटण न दाबता दाखवायला सांगा.

टप्पा ४ : फिल्म वाचण्याजोगी आहे का

रेषा मारण्याआधी तीन गोष्टी बघा.

1. डाव्या आणि उजव्या दाढांची रुंदी सारखी आहे का? एक बाजू मोठी दिसत असेल तर डोकं फिरलं होतं.
2. पुढचे दात फारच अरुंद किंवा पसरट दिसतात का? अरुंद असतील तर मूल पुढे उभं होतं, पसरट असतील तर मागे.
3. दातांची रांग सपाट किंवा उलटी कमान झालीय का? तसं असेल तर हनुवटी वर गेली होती आणि टाळूच्या हाडाची पट्टी मुळांवर आली असेल.

पडताळा : सुळ्याचं टोक आणि बाजूच्या पटाशीचं अख्खं मूळ स्पष्ट दिसतंय? नसेल तर त्या फिल्मवर मोजमाप करू नका. फक्त तेवढाच भाग धूसर असेल, तर पुन्हा ओपीजी काढण्याऐवजी त्या जागेचा एक आयओपीए (तोंडात फिल्म ठेवून काढलेला दोन-तीन दातांचा छोटा एक्स-रे) पुरतो.

डावी-उजवी बाजू फिल्मवर छापलेली असते. ती वाचून मगच दाताचा क्रमांक लिहा. मोबाइलवर पाठवलेला फोटो उलटा झालेला असतो आणि १३ चा २३ होतो. दुधाचा चुकीच्या बाजूचा दात निघण्याची सुरुवात इथूनच होते.

टप्पा ५ : सुळ्याचं टोक कुठल्या विभागात आहे

सगळ्या मोजमापांत याचं वजन सर्वांत जास्त. इथे घाई नको.

छापील फिल्म असेल तर प्रकाशाच्या पेटीवर ठेवून त्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवा. स्क्रीनवर असेल तर कुठल्याही साध्या प्रोग्रॅमने रेषा मारता येतात. रेषा बाजूच्या पटाशीच्या दाताच्या आधाराने मारायच्या:

- पहिली रेषा त्याच्या दाढेकडच्या कडेला, मुकुट (दाताचा मुळाखेरीजचा भाग) आणि मूळ दोन्हींना स्पर्श करणारी.
- दुसरी त्याच्या लांबीच्या बरोबर मधून, कडेपासून मुळाच्या टोकापर्यंत.
- तिसरी त्याच्या मध्यरेषेकडच्या कडेला.

आता सुळ्याचं टोक कुठे पडतं ते बघा. पहिल्या रेषेच्या दाढेकडे असेल तर विभाग १. पहिली आणि दुसरी यांच्यामध्ये असेल तर विभाग २. दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये विभाग ३. तिसरीच्याही पलीकडे, मधल्या पटाशीकडे गेलं असेल तर विभाग ४. लिंडॉअर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेली ही मांडणी. त्यांच्या पाहणीत पुढे अडकलेल्या सुळ्यांपैकी ७८ टक्क्यांचं टोक विभाग २, ३ किंवा ४ मध्ये होतं. म्हणजे विभाग १ मधले काही सुळेही अडकतात. विभाग १ दिसला म्हणून फाइल बंद करायची नाही, फक्त घाई करायची नाही.

इथल्या चुका जवळून पाहण्यासारख्या आहेत. रेषा कागदाच्या काठाला समांतर, उभ्या मारल्या जातात. बाजूचा पटाशीचा दात स्वतःच कललेला असेल तर त्या रेषा त्याच्याबरोबर कलल्याच पाहिजेत, नाहीतर विभाग २ चा सुळा विभाग ३ मध्ये जाऊन बसतो. दुसरी चूक, टोकाऐवजी मुकुटाचा मध्य धरणं. तिसरी, मुकुटाभोवतीच्या काळ्या पिशवीची कड टोक समजणं. टोक म्हणजे पांढऱ्याशुभ्र एनॅमलचा शेवटचा बिंदू. बाजूचा दात खुंटीसारखा बारीक असेल तर तिन्ही रेषा जवळजवळ येतात. अशा वेळी विभागावर जास्त भरवसा ठेवू नका आणि तसं लिहून ठेवा.

सावधान : वेगवेगळ्या पाठ्यपुस्तकांत विभागांचे क्रमांक वेगळे आहेत, काहींत पाच आहेत. ऑर्थोडोंटिस्टला (दात तारेने रांगेत आणणाऱ्या तज्ज्ञाला) चिठ्ठी देताना नुसतं ‘सेक्टर ३’ लिहू नका. ‘टोक १२ च्या मधल्या रेषेच्या पलीकडे, पण दाताच्या आत’ असं शब्दांत लिहा.

टप्पा ६ : कोन आणि उंची

चेहऱ्याची मध्यरेषा नाकाच्या पडद्यावरून आणि नाकाखालच्या हाडाच्या टोकावरून काढा. मधल्या दोन पटाशींच्या फटीवरून काढू नका, दात सरकलेले असले की फटही सरकते. मग सुळ्याच्या टोकापासून मुळाच्या टोकापर्यंत रेषा मारा आणि दोन रेषांमधला कोन मोजा.

३१ अंशांच्या पुढे कोन गेला की दुधाचा सुळा काढून कायमचा आपोआप येण्याची शक्यता घटते, असं पॉवर आणि शॉर्ट यांना १९९३ मध्ये दिसलं. पण कोन एकटा पुरेसा नाही. वॉरफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दोन्हींची तुलना केली, तेव्हा विभागावरून अंदाज जास्त बरोबर येत होता आणि कोनाने त्यात फारशी भर पडत नव्हती. डोकं थोडं वाकडं असलं तरी कोन बदलतो. म्हणून आधी विभाग, मग कोन. हा क्रम उलटवू नका.

उंची मिलिमीटरमध्ये मोजायचा मोह टाळा. ओपीजीवर प्रत्येक जागेचं मोठेपण वेगळं असतं. टोक शेजारच्या मुळाच्या खालच्या, मधल्या की वरच्या तिसऱ्या भागाच्या पातळीवर आहे, एवढं लिहा. मुळाच्या टोकाजवळ असेल तर वाट लांब आहे.

टप्पा ७ : ओठाकडे की टाळूकडे

एकट्या ओपीजीवर हे खात्रीने कळत नाही. टाळूकडचा सुळा दुसऱ्या बाजूच्या सुळ्यापेक्षा मोठा दिसतो हे खरं, पण ती फक्त शंका धरा.

खात्रीसाठी दोन आयओपीए पुरतात, आणि त्याला फक्त आपल्या क्लिनिकमधलं मशीन लागतं. पहिला सरळ समोरून घ्या. दुसरा घेताना फिल्म किंवा सेन्सर तिथेच ठेवून ट्यूब दाढेच्या बाजूला सरकवा, उभा कोन तोच ठेवा. आता शेजारच्या मुळाच्या तुलनेत सुळा कुठे गेला ते बघा. ट्यूबच्याच दिशेने, म्हणजे दाढेकडे सरकला असेल तर तो टाळूकडे आहे. उलट, मध्यरेषेकडे सरकला असेल तर ओठाकडे.

ओपीजी आणि वरच्या पुढच्या दातांचा ऑक्लुझल (फिल्म दातांमध्ये चावून धरून काढलेला एक्स-रे) यांची जोडीही चालते. ऑक्लुझलला ट्यूब वरून येते. ऑक्लुझलमध्ये सुळा शेजारच्या मुळाच्या तुलनेत वर गेला तर टाळूकडे, खाली आला तर ओठाकडे.

पडताळा : निष्कर्ष टप्पा १ मधल्या बोटाशी जुळतो का? फिल्म टाळूकडे म्हणते आणि ओठाकडे ठळक फुगवटा लागतोय, असं असेल तर कुठेतरी चूक आहे. दोन्ही पुन्हा करा.

टप्पा ८ : शेजारच्या दाताचं मूळ

सुळ्याच्या नादात हे राहून जातं. भरकटलेला सुळा बाजूच्या पटाशीचं मूळ खातो, दुखत नाही, दात हलतही नाही, आणि कळतं तेव्हा मूळ अर्धं गेलेलं असतं. एरिक्सन आणि कुरोल यांनी २००० मध्ये भरकटलेल्या सुळ्यांचे सीटी स्कॅन तपासले तेव्हा ३८ टक्के बाजूच्या पटाशींची मुळं झिजलेली निघाली. साध्या फिल्मवर यातली बरीच दिसत नाहीत, कारण झीज टाळूच्या किंवा ओठाच्या बाजूने असते आणि समोरून घेतलेल्या चित्रात ती झाकली जाते.

सीबीसीटीची खरी जागा इथे आहे. मुळाची कड तुटक दिसत असेल, सुळा मुळावर चढलेला असेल आणि साध्या फिल्मवर निर्णय होत नसेल, किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर फक्त त्या भागापुरता, लहान क्षेत्राचा स्कॅन मागवा. संपूर्ण जबड्याचा नको.

टप्पा ९ : अंदाजाला तारीख जोडा

अंदाज लिहून उपयोग नाही, त्यावर काय करायचं आणि पुन्हा कधी बघायचं हे त्याच दिवशी ठरलं पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. मुलगी दहा वर्षं आठ महिन्यांची. डावीकडे फुगवटा आहे, उजवीकडे नाही. ५३ घट्ट. ओपीजीवर १३ चं टोक १२ च्या मधल्या रेषेच्या किंचित पलीकडे, म्हणजे विभाग ३, कोन २८ अंश, उंची मधल्या तिसऱ्या भागात. दोन आयओपीएवरून टाळूकडे. १२ चं मूळ पूर्ण आणि अखंड. रांगेत जागा पुरेशी.

ही मुलगी ‘थांबा’ या उत्तरासाठी नाही. तिला ५३ काढण्याचा सल्ला द्यावा, ऑर्थोडोंटिस्टचं मत घेऊन. एरिक्सन आणि कुरोल यांच्या १९८८ च्या अभ्यासात दुधाचा सुळा काढल्यावर टाळूकडच्या ४६ पैकी ३६ सुळे योग्य वाटेवर आले. टोक बाजूच्या पटाशीच्या मधल्या रेषेच्या दाढेकडे असेल तर ९१ टक्के, पलीकडे गेलं असेल तर ६४ टक्के. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून हे आकडे पालकांना हमी म्हणून सांगू नका. स्वीडनमध्येच २०१५ च्या तुलनात्मक चाचणीत दात काढलेल्या बाजूला ६९ टक्के सुळे आले आणि न काढलेल्या बाजूला ३९ टक्के. फरक ठोस आहे, पण काही न करताही थोडे येतातच.

जागा कमी असेल तर नुसता दुधाचा दात काढून भागत नाही, आधी जागेचा विचार ऑर्थोडोंटिस्टने करायला हवा. विभाग ४, मोठा कोन, मुळाची झीज किंवा तेराच्या पुढचं वय यांपैकी काही असेल तर वाट न बघता थेट पाठवा. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात ऑर्थोडोंटिक्स विभाग आहेत.

दात काढल्यावर सहा महिन्यांनी बोट, बारा महिन्यांनी बोट आणि फिल्म. मागच्या ट्रेसिंगवर नवी रेषा मारा. टोक विभाग ३ मधून २ कडे सरकलं असेल तर काम होतंय. बारा महिन्यांत काहीच हललं नसेल तर पुढे आपोआप हलण्याची आशा धरू नये. हिरडी उघडून सुळा तारेने ओढून आणण्याचा मार्ग तेव्हा घ्यायचा, आणि तो याच वयात सोपा असतो.

पालकांशी बोलताना फिल्म समोर धरून तीन रेषा दाखवा. ‘ताई, हा सुळा शेजारच्या दाताच्या मुळाकडे चाललाय. दुधाचा दात काढला तर तो वळायची चांगली शक्यता आहे, खात्री नाही. वर्षभरात कळेल. मधल्या तपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत.’ एवढं पुरतं. पुढच्या भेटीची तारीख चिठ्ठीवर लिहा, मोबाइल नंबर आपल्या वहीत लिहा, आणि वहीच्या त्या पानावर दाताचा क्रमांक, टोकाची जागा शब्दांत, कोन, बाजू आणि शेजारच्या मुळाची स्थिती अशा पाच नोंदी करा. सहा महिन्यांनी मूल आलं नाही तर फोन आपण करायचा.